वातीची कुंडी: नोव्हेंबर ते मे भरवशाची, जूनमध्ये टाकी रिकामी करा

मुंबईतल्या नर्सऱ्यांमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत हल्ली ‘बाल्कनी किट’ नावाचं एक खोकं सर्रास दिसतं. आत ८ इंची दोन सेल्फ-वॉटरिंग कुंड्या, ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट, १९:१९:१९ खताची १०० ग्रॅमची पुडी, कलमांना मुळं फुटण्याच्या पावडरची छोटी डबी आणि ९ वॅटचा ग्रो लाइट. खोक्यावरची नावं वेगवेगळी असली तरी आतला माल जवळपास सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या किटचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुंडी घेण्यासारखी आहे. पावडर टक्केवारी आणि तारीख बघून घ्यावी. खत चांगलं, पण पुडीवरचं प्रमाण कुंडीसाठी चुकीचं आहे. दिव्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. आणि सोबतचा माहितीचा कागद सरळ रद्दीत टाकावा, कारण त्यावर बाराही महिने एकच सूचना आहे: टाकी भरलेली ठेवा. मुंबईत हे पाळलं तर जुलैअखेर निम्मी झाडं मुळापासून सडतात.

कुंडीची रचना साधी आहे. बाहेरचं भांडं म्हणजे टाकी, साधारण १ लिटरची. तिच्यात बसणारी जाळीच्या तळाची टोपली, तिच्यात माती. तळातल्या भोकातून पाण्यात लोंबणारी वात. कडेला पाणी ओतायची नळी आणि पातळी दाखवणारा तरंगता दांडा. या सगळ्यात महत्त्वाची फक्त वात. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढतं (यालाच केशाकर्षण म्हणतात), आणि फट जितकी बारीक तितकं ते उंच जातं. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या फटीत पाणी सुमारे १५ सेंटीमीटर चढतं. टाकीच्या तळापासून मुळांपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच, म्हणजे गणित जेमतेम जमतं. जाड, सैल विणीची वात दिली असेल तर टाकी निम्मी झाल्यावर पुरवठा मंदावतो. स्वस्त किटमध्ये हेच होतं, आणि दोष मात्र झाडाच्या माथी येतो.

वात बसवण्याआधी तपासून घ्या. स्टीलचा पेला पाण्याने भरून ओट्यावर ठेवा. वातीचं एक टोक पेल्यात बुडवा, दुसरं कडेवरून बाहेर काढून खाली ठेवलेल्या रिकाम्या वाटीत सोडा. रात्रभरात वाटीत पाणी जमलं नाही तर वात बाद. पण फेकण्याआधी एक संधी द्यावी. नवीन सिंथेटिक धाग्यावर कारखान्यातलं तेलकट लेपण असतं, त्यामुळे पाणी धाग्याला धरत नाही. गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून वात तासभर भिजवा, खळखळून धुवा आणि पुन्हा तपासा. बऱ्याच वाती इथे पास होतात.

दुसरी चूक होते ती कोरड्या मातीत वात पुरून टाकी भरण्याची. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी चटकन शोषत नाही, पाणी वरून निसटून जातं. वातीतलं पाणी मातीतल्या पाण्याला भिडलं नाही तर साखळी जोडलीच जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी वात ओली करूनच घालायची, तिचं वरचं टोक मिश्रणाच्या मधोमध सात-आठ सेंटीमीटर उंचीपर्यंत घ्यायचं, वरून खाली ठिबकेपर्यंत पाणी घालायचं, आणि मगच टाकी भरायची. आठवडाभर गावाला गेलात, टाकी आटली, माती सुकली, तर परत आल्यावर नुसती टाकी भरून भागत नाही. पुन्हा वरूनच सुरुवात.

झाडाच्या आतही अशीच साखळी असते, फक्त तिथे केशाकर्षणापेक्षा वरून बसणारी ओढ मोठी. पानाच्या रंध्रांतून वाफ बाहेर पडते, गेलेल्या पाण्याच्या जागी मागचं पाणी ओढलं जातं आणि हा ताण जलवाहिन्यांमधून थेट मुळापर्यंत पोचतो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही ग्राह्य धरलं जातं. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच हवेत जातं. अन्न तयार करायला आणि वाढीला लागतं ते उरलेलं थोडंसं. म्हणजे झाड किती पाणी पिणार हे टाकी ठरवत नाही, पानाभोवतीची हवा ठरवते. वातीला मात्र हवेचं काही कळत नाही. माती जरा सुकली की ती पाणी देते, झाडाला गरज असो वा नसो.

एप्रिलमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत याचा फायदाच होतो. दुपारचं ऊन, सुटलेला वारा, पानं भरपूर वाफ सोडतात आणि वात ती तूट भरून काढते. मनी प्लांटला १ लिटरची टाकी आठ-दहा दिवस सहज पुरते. फळांनी लगडलेल्या टोमॅटोला तीच टाकी एक दिवस पुरली तरी खूप. किटच्या खोक्यावर टोमॅटोचा फोटो असेल तर तो मनावर घेऊ नका. या आकाराची कुंडी मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, पुदिना, ओवा यांच्यासाठी आहे. तुळस चालते, पण वात निम्मी कापून. कोरफड, स्नेक प्लांट, अडेनियम यांना ही कुंडी बारा महिन्यांत कधीच नको.

जूनमध्ये चित्र पालटतं. हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर, आकाश दिवसचे दिवस भरलेलं. पानातून वाफ जाणं मंदावतं, झाडाची ओढ ढिली पडते, पण वात खालून पुरवतच राहते. मिश्रणातल्या हवेच्या फटी पाण्याने भरतात. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पोचतो. गुदमरलेलं मूळ पाणी आत घेणं थांबवतं. मग टाकी भरलेली, माती चिंब आणि पानं मात्र लोंबलेली असा प्रकार दिसतो. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, तो वरून आणखी एक तांब्या ओततो, आणि झाड गेलं.

खात्री करायची असेल तर टोपली उचलून जाळीतून बाहेर आलेलं एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं आणि ताणल्यावर तटकन तुटतं. सडलेल्या मुळाची साल भिजवलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी बोटात सुटून येते आणि आत केसासारखा बारीक दोरा उरतो. वासही येतो, साचलेल्या गटाराचा. इतपत झालं असेल तर सडलेली मुळं कापा, ओलं मिश्रण टाकून द्या, वात काढून टाका आणि नव्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा. पानंही एक तृतीयांश कमी करा, कारण उरलेल्या मुळांना सगळी पानं पोसणं जमणार नाही.

पावसाळ्यातल्या सकाळी अळूच्या किंवा मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला थेंब लटकलेले दिसतात, ते मात्र आजाराचं लक्षण नाही. रात्री वाफ जात नाही, पण मुळं क्षार आत घेत राहतात. त्यामागून पाणी येतं, दाब वाढतो आणि जास्तीचं पाणी पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर ढकललं जातं. एवढंच सांगणं असतं की माती भरपूर ओली आहे, आज वरून पाणी नको.

तर पावसाळ्यातला नियम असा: पहिला दमदार पाऊस झाला की टाकी उपडी करून पुसून घ्या, वात वर उचलून टोपलीच्या तळाशी गुंडाळा आणि कुंडी साध्या कुंडीसारखी वापरा. वरचं दोन सेंटीमीटर सुकलं तरच पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात टाकी पुन्हा भरायला हरकत नाही. पाऊस आत येणारी बाल्कनी असेल तर बाहेरच्या भांड्याला जास्तीचं पाणी निघून जायला भोक आहे ना, हे घेतानाच बघा. काही कुंड्यांत ते भोक रबरी बुचाने बंद करून देतात आणि कागदावर त्याचा उल्लेखही नसतो. बूच काढून टाका.

टाकीबद्दल आणखी एक तक्रार आहे, आणि ती झाडाशी नाही, डासांशी संबंधित आहे. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि मुंबईच्या तापमानात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतायची नळी उघडी असेल, दांड्याभोवती फट असेल, तर ही कुंडी म्हणजे आयती पैदास-टाकी. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरोघर फिरतात तेव्हा कुंड्यांखालच्या बशा आधी बघतात. पण ही टाकी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती तुम्हालाच बघावी लागते. नळीच्या तोंडावर नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा रबर लावून बसवा, दांड्याची फट स्पंजने बंद करा, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही, अंडी भिंतीला चिकटून राहतात. हे करायचा कंटाळा येणार असेल तर ही कुंडी घेऊच नका.

आता मिश्रण. ६५० ग्रॅमच्या विटेचं भिजल्यावर आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं, दोन्ही कुंड्यांना पुरून उरतं. पण काथ्याच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणून भिजवून, घट्ट पिळून, निदान तीन वेळा पाणी बदला. नुसत्या कोकोपीटमध्ये वातीची कुंडी फार ओली राहते. पाच भाग कोकोपीट, तीन भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), दोन भाग चाळलेलं गांडूळखत हे प्रमाण धरा. नर्सरीतली लाल माती या कुंडीत अजिबात घालू नये. तिचे कण इतके बारीक की पाणी वर खेचण्यात ती पटाईत, पण हवेला जागा ठेवत नाही.

खताच्या पुडीवर लिटरला ५ ग्रॅम असं छापलेलं असतं. ते शेतात पानांवर फवारायचं प्रमाण आहे. कुंडीत मुळाशी द्यायचं तर लिटरला १ ग्रॅम, त्यानेच १९० पीपीएम (दहा लाखांत १९० भाग) नत्र मिळतं. टाकीत घालणार असाल तर अर्धा ग्रॅमच. कारण वातीच्या कुंडीत पाणी खालून वर जातं, पृष्ठभागावरून उडून जातं आणि क्षार वर साठत जातात. मातीवर पांढरी खरवड दिसू लागली आणि पानांची टोकं तपकिरी झाली की समजायचं खत जास्त झालं. महिन्यातून एकदा टोपली न्हाणीघरात नेऊन वरून तीन-चार लिटर साधं पाणी ओतायचं आणि निथळू द्यायचं. पालिकेच्या नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं, क्षार कमी असलेलं, त्याचा काही त्रास नाही. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर धुणं दर पंधरा दिवसांनी, आणि तेही नळाच्या पाण्याने.

१९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही आहेत, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाही. तलावाच्या पाण्यातही ते फारसं नसतं. काय कमी पडलं हे ओळखायला कुठलं पान पिवळं पडलंय ते बघा. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून रसवाहिन्यांमार्फत नव्या पानांकडे पाठवू शकतं, म्हणून ते कमी पडलं की खालची पानं आधी पिवळी होतात. मॅग्नेशियमचं असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, त्यामुळे खूण शेंड्याला उमटते. खालची पानं शिरा सोडून पिवळी झाली तर लिटरला १ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). कॅल्शियमसाठी लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, पण वेगळ्या दिवशी. खत आणि ते एकाच घट्ट द्रावणात कालवलं तर कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात.

कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच वर जातं, हेही लक्षात ठेवा. भर पावसाळ्यात ओढच नसते, तेव्हा कोवळी पानं वेडीवाकडी, कडा जळाल्यासारखी येतात. मातीत कॅल्शियम असूनही ते पोचत नाही. अशा वेळी खत वाढवण्यापेक्षा कुंडी पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवलेली बरी.

दिव्याबद्दल थोडक्यात. ९ वॅटच्या एलईडीमधून झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश निघतो तो सेकंदाला जेमतेम पंधरा मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक), आणि दिव्याच्या थेट खाली फूटभर अंतरावर, छोट्याच जागेत, त्याची तीव्रता चौरस मीटरला चाळीस-पन्नास भरते. भर उन्हाचा आकडा २,००० च्या आसपास असतो. सावलीतल्या झाडाचा जमाखर्च १ ते ५ मायक्रोमोलला जुळतो, उन्हातल्या झाडाचा १० ते २० ला. त्याखाली झाड बनवतं त्यापेक्षा जास्त जाळतं. म्हणजे हा दिवा १२ तास लावला तर मनी प्लांट खूश, मेथीची कोवळी रोपं ठीक, टोमॅटो-मिरची लांबुडकी आणि फिकट. महिन्याला सव्वातीन युनिट वीज जाते, ती परवडण्यासारखी आहे. पण जांभळा दिवा घेऊ नका, डोळ्यांना त्रास आणि पान नीट तपासता येत नाही. साधा पांढरा ९ वॅटचा बल्ब तेवढंच काम करतो.

दिवा घेण्याआधी खिडकीतला प्रकाश मोजा. मोबाइलच्या लक्स मीटरचा आकडा दिवसाच्या उजेडात ५४ ने भागला की अंदाजे मायक्रोमोल मिळतात. १,००० लक्स म्हणजे अठरा-एकोणीस, म्हणजे सावलीच्या झाडाला पुरेसे. शिवाय बाल्कनीची दिशा वर्षभर सारखी वागत नाही. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेची बाल्कनी हिवाळ्यात उन्हाने भरते आणि जूनमध्ये तिथे दुपारचं थेट ऊन नसतं. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो असतील तर संध्याकाळी दिवा लावूच नका. त्यांना फुलायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल तरीही कळ्या अडतात. अशी कुंडी संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकून ठेवा.

पावडर म्हणजे आयबीए (इंडोल ब्युटिरिक अॅसिड), झाडाच्या स्वतःच्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकासारखंच काम करणारं, पण जास्त टिकाऊ रसायन. ऑक्सिन शेंड्यात तयार होतं आणि खाली उतरतं. फांदी कापली की कापाच्या टोकाशी साठतं आणि तिथे मुळं फुटतात. पावडर हाच साठा वाढवते. कोवळ्या फांदीला ०.१ टक्का, जास्वंदीसारख्या अर्धवट जून फांदीला ०.३, बोगनवेलीच्या लाकडी काडीला ०.८. डबीवर टक्केवारी छापलेली नसेल तर परत करा. या किटमध्ये बऱ्याचदा नसतेच.

पेन्सिलीएवढी जाड, १५ सेंटीमीटर लांब काडी डोळ्याच्या लगेच खाली तिरकी कापा. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. थोडी पावडर बशीत काढा, डबीत काडी बुडवू नका, ओलाव्याने सगळी खराब होते. टोकाचा दीड सेंटीमीटर ओला करून पावडरीत टेकवा आणि झटका. मिश्रणात आधी पेन्सिलीने भोक पाडून मग काडी रोवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. जास्त लावली तर टोक काळं पडतं आणि डोळे फुटत नाहीत, कारण शेंड्यातलं ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं तसंच हेही ठेवतं. तुळशीचा शेंडा खुडल्यावर ती झुडपासारखी पसरते ती हा दाब गेल्यामुळेच. मनी प्लांट, पुदिना, तुळस यांना पावडर लागत नाही, पाण्यात ठेवा. दालचिनीची पूड बुरशीला थोडी आवरते, मुळं फोडत नाही.

कलमांचा हंगाम मात्र पावसाळाच. काडीला मुळं नसतात, पानातून जाणारी वाफ तिला भरून काढता येत नाही, आणि जुलैच्या हवेत ती फारशी जात नाही. तेव्हा एखादी टोपली रिकामी असेल तर ती कलमांसाठी वापरा, जास्वंद साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरते.

नर्सरीतून आणलेली बुटकी, फुलांनी भरलेली जास्वंद किंवा शेवंती घरी आल्यावर सहा महिन्यांत उंच, विरळ झाली तर कुंडीला दोष देऊ नका. अशा रोपांना बऱ्याचदा वाढ रोखणारं रसायन दिलेलं असतं. ते जिबरेलिन हे पेरं लांबवणारं संप्रेरक तयार होऊ देत नाही, त्यामुळे पेरं आखूड राहतात. कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून घालतात ते कल्टार याच गटातलं. त्याचा असर उतरला की झाड आपल्या मूळ चालीने वाढतं. छाटा आणि पुढे चला.

खरेदी करताना पूर्ण किटपेक्षा सुट्या कुंड्या घेतलेल्या स्वस्त पडतात. राणीबागेत महापालिकेचं उद्यान प्रदर्शन भरतं तेव्हा तिथल्या स्टॉलवर हाताळून बघता येतात. टोपली उचलून तळ बघा, वात किमान दोन हवी, आणि बाहेरचं भांडं अपारदर्शक हवं, नाहीतर टाकीत शेवाळ धरतं. वात कुजली आणि सुटी वात मिळाली नाही, तर बुटाची पॉलिएस्टरची गोल नाडी अगदी चालते. सुती नाडी नको, दोन-तीन महिन्यांत ती चिकट होऊन तुटते. नवी नाडी पेल्या-वाटीच्या परीक्षेला बसवूनच आत घाला.